संघबांधणीची बातमी : नावे छापा, पण हक्कांचा हिशेबही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये संध्याकाळी सातला बास्केटबॉलचा सामना सुरू होतो तेव्हा नाशिकमध्ये दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. (अ‍ॅरिझोनात घड्याळे पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे हे गणित बाराही महिने तेच.) आपला अंक तोवर वाचून रद्दीच्या वाटेला लागलेला असतो. निकाल दहाच्या सुमारास लागतो आणि क्रीडा पानावर उमटतो तो त्याच्याही पुढच्या सकाळी. म्हणजे एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगचा गुणफलक छापण्यात कोणतेही मराठी दैनिक दिवसभर मागेच राहणार. त्यात कोणाचा दोष नाही. आमची तक्रार आहे ती उरलेल्या जागेत जे छापून येते त्याबद्दल.

‘अमुक संघाने बडा खेळाडू सोडला, चाहत्यांत नाराजी, संघाचे भवितव्य अधांतरी’ एवढ्यावर बातमी आटोपते आणि शेवटी हमखास एक वाक्य येते : आता हा संघ तळाला जाईल आणि ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, नव्याने उभा राहील. कोर्टवर सरावाला येणारी मुलेही मग तेच घोकतात. ‘टँकिंग करा, पिक मिळवा.’ (टँकिंग म्हणजे वरचा क्रमांक मिळावा म्हणून मुद्दाम हरत राहणे. पिक म्हणजे ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडण्याचा हक्क, शेतातले पीक नव्हे.) पण हरून मिळणारा हक्क त्या संघाच्या हाती शिल्लक आहे का, हे कोणी विचारत नाही. तो आधीच दुसऱ्याला देऊन टाकलेला असेल, तर तळाला जाऊन फायदा होतो तो शेजाऱ्याचा.

आपल्याकडच्या वाचकाला आयपीएलचा लिलाव पाठ आहे, त्यामुळे गोंधळ होणे साहजिक आहे. आयपीएलमध्ये मोठा लिलाव आला की पाटी जवळपास कोरी होते. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला १२० कोटींची थैली होती, जास्तीत जास्त सहा जुने खेळाडू राखता येत होते आणि बाकी संघ दोन दिवसांत नवा. मागच्या चुका तिथे धुतल्या जातात. एनबीएत लिलावच नाही. संघ आपले पुढच्या सात वर्षांपर्यंतचे ड्राफ्ट हक्क आज देऊन टाकू शकतो. त्याला लगाम एकच : पुढच्या सलग दोन वर्षांत पहिल्या फेरीचा एकही हक्क हाती नाही, अशी स्थिती येता कामा नये. हा ‘स्टेपियन नियम’. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँड कॅव्हलियर्सचे मालक टेड स्टेपियन यांनी हक्कांची अशी खैरात केली की लीगला नियम करावा लागला. नियमाला पळवाटही लगेच सापडली. एक वर्ष सोडून एक वर्षाचा हक्क द्यायचा आणि मधल्या वर्षांत ‘स्वॅप’ लिहून द्यायचा, म्हणजे दोघांच्या हक्कांपैकी सरस असेल तो समोरच्याने घ्यायचा. कागदावर हक्क उरतो, पण त्यातले चांगले ते निघून गेलेले असते.

फिनिक्स सन्सचा हिशेब मांडला की हे चित्र लख्ख दिसते. २०२१ मध्ये हा संघ अंतिम फेरीत होता, २०२१-२२ मध्ये ८२ पैकी ६४ सामने जिंकला. फेब्रुवारी २०२३ मध्ये केविन ड्युरंटसाठी त्यांनी ब्रुकलिनला मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन आणि जे क्राउडर दिले. शिवाय २०२३, २०२५, २०२७ आणि २०२९ चे पहिल्या फेरीचे हक्क आणि २०२८ चा स्वॅप. विषम वर्षेच का, हे वर सांगितलेल्या नियमावरून लक्षात येईल. चार महिन्यांनी ब्रॅडली बील आला, त्यासाठी २०२४, २०२६, २०२८ आणि २०३० चे स्वॅप गेले. २०२८ चा हक्क तर दोनदा अडकला. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी २०३१ चा हक्क यूटाला देऊन त्या बदल्यात तीन हलके हक्क घेतले. पाचशेची नोट मोडून सुटे घ्यावेत तसे. आणि त्यातले दोन पुढे सेंटर मार्क विल्यम्सला आणण्यात खर्ची पडले. एवढे करून पदरात काय पडले? २०२३-२४ मध्ये ४९ विजय आणि प्ले-ऑफच्या, म्हणजे बाद सामन्यांच्या, पहिल्याच फेरीत मिनेसोटाकडून ४-० असा धुव्वा. २०२४-२५ मध्ये लीगमधला सर्वांत महागडा संघ असूनही ३६-४६, प्ले-इनसुद्धा (प्ले-ऑफआधीची पात्रता लढत) हुकले. लागोपाठ तीन उन्हाळ्यांत तीन प्रशिक्षक घरी गेले. आमच्या मते प्रशिक्षकांचा यात दोष सर्वांत कमी होता.

इथे प्रश्न येतो : मग बदलले का नाहीत खेळाडू? त्याचे उत्तर पगाराच्या रेषांमध्ये आहे. २०२५-२६ साठी पगारमर्यादा १५ कोटी ४६ लाख ४७ हजार डॉलर. पण ही भिंत नव्हे, उंबरठा आहे. आपल्याच खेळाडूंना राखण्यासाठी तो ओलांडता येतो. त्यापुढे १८ कोटी ७८ लाख ९५ हजारांवर कररेषा (ती ओलांडली की लीगला कर द्यावा लागतो), १९ कोटी ५९ लाख ४५ हजारांवर पहिला एप्रन (म्हणजे आणखी कडक निर्बंधांची रेषा) आणि २० कोटी ७८ लाख २४ हजारांवर दुसरा एप्रन. कर हा श्रीमंत मालकाला भरता येतो. दुसऱ्या एप्रनचा जाच पैशांचा नाही, हातपाय बांधण्याचा आहे. त्या रेषेवरच्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. दिलेल्या पगारापेक्षा जास्त पगार घेता येत नाही. व्यवहारात रोख रक्कम घालता येत नाही. मिड-लेव्हलची सवलत (पगारमर्यादेपलीकडे असूनही मध्यम पगारावर नवा खेळाडू घेण्याची मुभा) वापरता येत नाही. शिवाय सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा हक्क गोठतो, म्हणजे तो व्यवहारात देता येत नाही. आणि संघ पुढच्या चारपैकी दोन वर्षे रेषेवरच राहिला तर तो हक्क फेरीच्या अगदी शेवटी ढकलला जातो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मायामीचा जिमी बटलर फिनिक्सला येणार अशी चर्चा होती, तेव्हा ही बेडी सर्वांना दिसली. बटलरचा पगार ४ कोटी ८८ लाख. पगार एकत्र करायला बंदी, त्यामुळे एकट्याच्या जोरावर तेवढा आकडा गाठणारे खेळाडू संघात तीनच : डेव्हिन बुकर, ड्युरंट आणि बील. पहिल्या दोघांच्या बाबतीत ते जमले नाही. राहिला बील, त्याचा पगार ५ कोटी २ लाख, पण करारात ‘नो-ट्रेड’ कलम, म्हणजे त्याच्या संमतीशिवाय त्याला हलवता येत नाही. हे कलम वॉशिंग्टनने दिले होते आणि फिनिक्सने ते कलमासकट उचलले होते. बटलर गोल्डन स्टेटला गेला. ज्या बातम्यांत ‘फिनिक्सचे प्रयत्न अपुरे पडले’ असे आले, त्यांनी हे एक कलम सांगितले असते तर वाचकाला सगळे कळले असते.

बीलची सुटका कशी झाली, तो हिशेब तर शाळेच्या फळ्यावर सोडवून दाखवण्याजोगा आहे. जुलै २०२५ मध्ये त्याच्या कराराची दोन वर्षे आणि सुमारे ११ कोटी ८ लाख डॉलर उरले होते. खेळाडूला करारमुक्त केले तरी पैसे द्यावेच लागतात. मात्र ते ‘स्ट्रेच’ करता येतात, म्हणजे उरलेल्या वर्षांची दुप्पट अधिक एक इतक्या वर्षांत विभागता येतात. दोन दुणे चार आणि एक पाच. पण इथे आणखी एक अट आडवी येते : अशा मृत पगारांची एका वर्षाची बेरीज पगारमर्यादेच्या १५ टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. १५ कोटी ४६ लाखांचे १५ टक्के म्हणजे सुमारे २ कोटी ३२ लाख. नासिर लिटल आणि ई. जे. लिडेल यांना आधी असेच सोडल्यामुळे सुमारे ३८ लाखांची जागा आधीच भरलेली. उरले १ कोटी ९४ लाख. पाच वर्षांचे ९ कोटी ७० लाखांच्या आत. म्हणून बीलने सुमारे १ कोटी ३९ लाखांवर पाणी सोडले तेव्हाच गाडे पुढे सरकले. बातमीत मात्र ‘बीलने मोठ्या मनाने पैसे सोडले’ असे आले! मनाचा मोठेपणा असेल, नसेल. तो आकडा १५ टक्क्यांच्या अटीतून आलेला आहे. संघ दुसऱ्या एप्रनखाली आला खरा, पण २०२९-३० पर्यंत दरवर्षी जवळपास १ कोटी ९४ लाख डॉलर न खेळणाऱ्या माणसाच्या नावे पडत राहणार.

त्याच उन्हाळ्यात ड्युरंट ह्यूस्टनला गेला. सात संघांच्या त्या व्यवहारात फिनिक्सला जेलन ग्रीन, डिलन ब्रूक्स आणि २०२५ च्या ड्राफ्टचा दहावा हक्क मिळाला, ज्यातून खमान मालुआच आला. हा दहावा हक्क मुळात फिनिक्सचाच होता. ड्युरंटला आणताना ब्रुकलिनला दिला, ब्रुकलिनकडून ह्यूस्टनला गेला आणि ड्युरंटला पाठवताना परत आला. स्वतःचा दागिना गहाण ठेवून पुन्हा स्वतःच सोडवून आणण्याचा प्रकार.

मग २०२५ च्या उन्हाळ्यात फिनिक्सने ‘सगळे मोडून तळाला जावे’ असे म्हणणाऱ्यांनी हातातली पाने मोजावीत. २०२७ आणि २०२९ चे हक्क गेलेले, २०२६, २०२८ आणि २०३० चे स्वॅपमध्ये अडकलेले, २०३१ चा विकलेला. आपल्याकडच्या द्राक्षबागायतदाराला हे लगेच समजेल. एप्रिलच्या खरड छाटणीला घड मिळत नाही, पुढच्या फळासाठी काडी तयार होते. माल येतो तो ऑक्टोबरच्या गोड छाटणीनंतर. एप्रिलमध्ये मांडव उघडाबोडका दिसला म्हणून कोणी बागायतदाराला वेड्यात काढत नाही. पण पुढच्या सहा हंगामांचा माल आधीच दुसऱ्याच्या नावे लिहून दिला असेल, तर ती खरड छाटणी करायची कोणासाठी? डेव्हिन बुकरचा करार २०२९-३० पर्यंत वाढवून स्पर्धेत राहण्याचा फिनिक्सचा निर्णय अनेकांना भाबडा वाटला. आम्हाला तो त्या परिस्थितीतला त्यातल्या त्यात शहाणा निर्णय वाटतो. बुकर द्यायचाच झाला तर ज्याच्याकडे आपले हक्क अडकले आहेत त्यालाच द्यावा आणि ते परत घ्यावेत. इतर कोणाला देऊन तळाला जाणे म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीत पाणी सोडणे.

हा क्रम बरोबर कसा लावायचा, ते ब्रुकलिनकडून शिकावे. आणि चुकला तर काय होते, तेही ब्रुकलिनकडूनच. २०१३ मध्ये त्यांनी केविन गार्नेट आणि पॉल पिअर्स या उतरत्या वयाच्या खेळाडूंसाठी बॉस्टनला २०१४, २०१६ आणि २०१८ चे हक्क आणि २०१७ चा स्वॅप दिला. २०१६-१७ मध्ये ब्रुकलिन २०-६२ असा तळाला गेला, पण पहिला क्रमांक गेला बॉस्टनकडे. बॉस्टनने तो फिलाडेल्फियाला देऊन तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटमला घेतले. जेलन ब्राउन आदल्याच वर्षी ब्रुकलिनच्या हक्कातून आला होता. या दोघांच्या जोरावर बॉस्टन २०२४ मध्ये विजेता ठरला. ब्रुकलिनने तो धडा लक्षात ठेवला. जून २०२४ मध्ये मिकाल ब्रिजेसला न्यूयॉर्क निक्सकडे पाठवून त्यांनी पहिल्या फेरीचे पाच हक्क घेतले, पण त्याच वेळी फिनिक्सकडून मिळालेले कागद ह्यूस्टनला देऊन स्वतःचे २०२५ आणि २०२६ चे हक्क मोकळे करून घेतले. आधी सातबारा आपल्या नावावर, मग बाकीची उठाठेव. या दोन व्यवहारांच्या बातम्या वेगवेगळ्या छापल्या तर वाचकाला त्यातला धागा दिसणारच नाही.

हक्क आपलाच असला तरी ड्राफ्टचे पहिले क्रमांक ठरवणाऱ्या सोडतीचा भरवसा किती, हेही सांगायला हवे. १ ते १४ क्रमांकांच्या १४ चेंडूंतून ४ काढतात. त्यांच्या १००१ जुळण्या होतात. एक बाद, उरलेल्या १००० प्ले-ऑफ न गाठलेल्या १४ संघांत वाटतात. पूर्वी सर्वांत तळाच्या संघाला पहिल्या क्रमांकाची २५ टक्के संधी होती. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना सारखीच १४ टक्के. सोडत पहिल्या चार क्रमांकांपुरतीच होते, त्यामुळे तळाचा संघ पाचव्यापर्यंत घसरू शकतो. तशी शक्यता ४७.९ टक्के, म्हणजे जवळपास नाणेफेकच. २०२५ मध्ये यूटा १७-६५ असा तळाला होता. त्याला पाचवा क्रमांक मिळाला. वॉशिंग्टन १८-६४, त्याला सहावा. पहिला क्रमांक, म्हणजे कूपर फ्लॅग, मिळाला १.८ टक्के संधी असलेल्या डॅलसला, ज्याने तीनच महिन्यांपूर्वी लुका डॉन्चिचला लेकर्सकडे पाठवून आपल्या शहराचा रोष ओढवून घेतला होता. ही डॅलसची दूरदृष्टी नव्हे, चेंडूंची मर्जी. संघाचे सरव्यवस्थापक निको हॅरिसन यांना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काढलेही गेले.

ओक्लाहोमा सिटीचे उदाहरण सगळेच देतात, पण अर्धवट. जुलै २०१९ मध्ये पॉल जॉर्जला क्लिपर्सकडे पाठवून त्यांनी शाय गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच हक्क आणि दोन स्वॅप घेतले. २०२०-२१ मध्ये २२-५०, पुढच्या वर्षी २४-५८, मग ४०-४२, ५७-२५ आणि २०२४-२५ मध्ये ६८-१४ व विजेतेपद. जेलन विल्यम्स हा क्लिपर्सच्याच एका हक्कातून १२ व्या क्रमांकावर आलेला. चेट होमग्रेन मात्र स्वतःच्या हक्कातून, दुसऱ्या क्रमांकावर. इथवर सगळे सांगतात. पण २०२४ च्या उन्हाळ्यात जॉश गिडीला शिकागोला देऊन ॲलेक्स करुसोला आणले आणि आयझाया हार्टेनस्टाइनला तीन वर्षांसाठी ८ कोटी ७० लाखांना करारबद्ध केले, ते सुटते. तरुणांचा ढीग एका टप्प्यावर थांबवून बचाव आणि रिबाउंड सांभाळणारी तयार माणसे आणावीच लागतात. कारण जागा मोजक्या : १५ नेहमीचे करार आणि ३ टू-वे (मुख्य संघ आणि विकास लीगमधला संघ अशा दोन्हीकडे खेळण्याचे करार). टू-वेवाल्याला हंगामात जास्तीत जास्त ५० सामन्यांत उतरवता येते आणि प्ले-ऑफमध्ये अजिबात नाही. ब्रुकलिनने २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीतच पाच खेळाडू घेतले, म्हणजे १५ पैकी एक तृतीयांश संघ एकदम नवखा. त्यात बॉल हाताळणारे एकापेक्षा जास्त असले की सरावात प्रत्येकाला चेंडू कमी मिळतो, कोणाची पारख होत नाही. पहिल्या फेरीतल्या खेळाडूची पहिली दोन वर्षे पक्की, तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा निर्णय संघाकडे. आणि तिसऱ्या वर्षाचा निर्णय दुसरा हंगाम सुरू होताच घ्यावा लागतो. म्हणजे न खेळवलेल्या मुलाबद्दल अंदाजाने निर्णय. संघबांधणी फसते ती बहुतेक वेळा इथे. ड्राफ्टच्या रात्रीच्या निवडीची चर्चा मात्र वर्षानुवर्षे चालते.

आपल्या भाषेतला दाखला हवा असेल तर पुणेरी पलटणचा घ्यावा. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचे विजेतेपद त्यांनी केवळ बड्या नावांवर नव्हे, तर मुख्यतः आपल्याच युवा शाखेत घडवलेल्या पोरांवर मिळवले. त्याची बातमी मराठी वृत्तपत्रांनी छान दिली, कारण कोण कुठून आला हे बातमीदाराला ठाऊक होते.

तेव्हा विनंती एवढीच. एखाद्या संघाच्या मोडतोडीची बातमी छापताना सोबत चार रकान्यांचा छोटा तक्ता द्यावा : पुढच्या सात वर्षांतला पहिल्या फेरीचा कोणता हक्क कोणाकडे, पहिल्या आठ खेळाडूंचे करार कोणत्या वर्षी संपतात, संघ कोणत्या पगाररेषेवर किंवा खाली आहे, पंधरापैकी किती जागा भरल्या. शिवाय वैद्यकीय तपासणी होईपर्यंत ‘व्यवहार झाला’ असे लिहू नये, ‘ठरला’ लिहावे. वर उल्लेखलेल्या मार्क विल्यम्सला फेब्रुवारी २०२५ मध्ये आधी लेकर्सनी घेतले होते आणि तपासणीनंतर तो व्यवहारच रद्द झाला. ज्यांनी ‘झाला’ छापले त्यांना दोन दिवसांत खुलासा करावा लागला असेल.

फेब्रुवारीतल्या अदलाबदलीची मुदत न्यूयॉर्कच्या वेळेनुसार दुपारी तीनला संपते, म्हणजे आपल्याकडे रात्री दीडला. शहर आवृत्ती तोवर छपाईला गेलेली असते, त्यामुळे त्या रात्री घाई करण्यात अर्थ नाही. दुसरा अख्खा दिवस हाताशी असतो. तेवढ्या वेळात तक्ता निवांत तयार होईल. जागा अपुरी पडली तर जाणाऱ्या खेळाडूचा फोटो तीन कॉलमांऐवजी दोन कॉलमांत बसवावा.

आपले,
बास्केटबॉलचे काही प्रशिक्षक व पंच, नाशिक